तक्रार निकाली, बिघाड कायम

"आजोबा, बाई परत थिजल्या!"

जून २०२०. सकाळचे पावणेदहा. साताऱ्यातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून माझी नात शाळेत बसली होती. गणवेशाचा सदरा अंगात, खाली घरातला पायजमा. पडद्यावर तिच्या बाई हात वर करून, तोंड अर्धवट उघडे ठेवून पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. भागाकाराचे उदाहरण अर्ध्यावर राहिले होते. आतल्या खोलीत माझी मुलगी पुण्याच्या कचेरीची मीटिंग लावून बसली होती, तिथूनही "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" सुरू झाले. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मोडेमवरचा 'डीएसएल' लिहिलेला हिरवा दिवा मात्र शांतपणे उघडझाप करीत होता. त्याला कशाचीच घाई नव्हती.

टाळेबंदीमुळे मुलगी आणि नात आमच्याकडे राहायला आल्या होत्या. तोपर्यंत आम्हा दोघा म्हाताऱ्यांचे त्या टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडवर बरे चालले होते. सकाळी वर्तमानपत्र चाळायचे, रात्री एखादे जुने नाट्यगीत ऐकायचे. मधे नेट गेले तर आम्ही चहा करीत असू. पण त्या महिन्यात शाळा आणि कचेरी दोन्ही एकाच तारेवरून घरात शिरल्या आणि ती तार किती दुबळी आहे ते आम्हाला कळले.

मी तक्रार नोंदवली. पलीकडून एका गोड आवाजाच्या मुलाने सांगितले, "सर, मोडेम बंद करून पाच मिनिटांनी चालू करा." केले. नेट आले. तासाभराने गेले. संध्याकाळी मोबाईलवर संदेश आला, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तक्रार, पुन्हा नवा क्रमांक, पुन्हा मोडेम बंद-चालू, पुन्हा निवारण. पंधरा दिवसांत माझ्या सहा तक्रारींचे असे निवारण झाले. कंपनीच्या कागदावर मी त्या भागातला सर्वांत समाधानी ग्राहक असणार. आणि घरात नात रोज ओरडत होती, "बाई थिजल्या!"

सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला 'निवारण झाले' या शब्दांचा एक खास वास येतो. तो कसला, ते पुढे सांगतो. आधी त्या तारेविषयी.

अलेक्झांडर ग्रॅहम बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ साली. दोन तारा एकमेकींना पीळ घालून नेल्या तर बाहेरचा खरखराट कमी होतो, हेही त्यानेच १८८१ मध्ये नोंदवून ठेवले. आपल्या घराघरांत आलेली टेलिफोनची जोडी ही त्याच कुळातली. माणसाच्या बोलण्याला त्या तारेचा अगदी थोडा भाग लागतो, सेकंदाला सुमारे चार हजार कंपनांपर्यंतचा. त्याच्या वरची सगळी जागा शंभर वर्षे रिकामी पडून होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जोसेफ लेक्लायडर या इंजिनीअरने मांडले की घराकडे येणारी माहिती जास्त आणि घरातून जाणारी कमी, असे विषम वाटप केले तर याच तारेवरून पुष्कळ काही नेता येईल. त्यातून एडीएसएल आले. बोलणे खालच्या मजल्यावर, माहिती वरच्या मजल्यावर. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मधे एक लहानशी डबी बसवायची. तिला स्प्लिटर म्हणतात.

मोडेम वरच्या मजल्याचे काम कसे करतो, हे कळले तेव्हा मला आमची शाखाच आठवली. त्या जागेचे तो २५६ खिडक्यांत वाटप करतो. सुरू होताना प्रत्येक खिडकी तपासतो. जिथे गोंगाट कमी, तिथे जास्त काम. जिथे खरखर, तिथे थोडे. जिथे काहीच ऐकू येत नाही, ती खिडकी बंद. दिवा उघडझाप करतो तेव्हा ही वाटणी चाललेली असते. नंतर मधेच गोंगाट वाढला की एकेक खिडकी कोलमडते आणि अखेर मोडेम सगळी शाखा बंद करून पुन्हा पहिल्यापासून मांडामांड करतो. तेवढ्यात बाई थिजतात.

म्हणजे मोडेम बंद करून चालू करा हा सल्ला अगदीच खोटा नाही. त्याने खिडक्यांची नवी वाटणी होते. पण गोंगाट कुठून येतो, हा प्रश्न तसाच राहतो. ताप उतरवला, पण दुखणे कसले ते पाहिलेच नाही, असा हा प्रकार.

आम्ही चार मेगाबिटची योजना घेतली होती. चार मेगाबिट म्हणजे सेकंदाला अर्धा मेगाबाइट, हे आठाचे गणितही पुष्कळांना ठाऊक नसते आणि ते समजावून सांगण्याची कुणाला निकडही नसते. घरातून बाहेर जायला त्यातला आठवा भाग. लेक्लायडरच्या काळी हे बरोबरच होते. घर म्हणजे पाहणारे, वाचणारे, मागणारे ठिकाण. २०२० मध्ये एकाएकी घर हे शिकवणारे, उत्तर देणारे, कचेरी चालवणारे ठिकाण झाले आणि ती अरुंद बाहेरची वाट तुंबली. आपल्या देशात २००४च्या धोरणात २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले गेले. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि दोन मेगाबिट व्हायला २०२३ साल उजाडले. टाळेबंदीत ज्या मुलांनी अर्ध्या मेगाबिटवर शाळा केली, ती सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँडवरच शिकत होती!

असो. सातव्यांदा तक्रार करण्याऐवजी मी एक वही घेतली. रकाने आखले. तारीख, वेळ, पाऊस आहे की नाही, फोन वाजला का, दिवा कसा होता. मुलीने मोडेमचे आतले पान उघडायला शिकवले. ब्राउझरमध्ये मोडेमचा आकडी पत्ता टाकला की ते दिसते. पत्ता बहुधा मोडेमच्या पाठीवरच छापलेला असतो. तिथे दोन आकडे फार बोलके असतात. एक, तारेच्या लांबीमुळे संदेश किती क्षीण झाला तो. आमचा ४२ डेसिबल होता, म्हणजे एक्स्चेंज दूर आहे. तो आपल्या हातात नाही. दुसरा, गोंगाटाच्या वर संदेशाचे डोके किती आहे तो. हा आकडा दहाच्या पुढे असला तर निर्धास्त असावे; सहाच्या खाली गेला की लाइन तुटू लागते. आमचा कोरड्या सकाळी अकरा असे आणि पावसात चारवर येई.

बँकेत रोजच्या हिशेबात फरक आला की आम्ही आधी डोके शांत ठेवत असू. फरकाला नऊने भाग जातो का ते पाहायचे. जात असेल तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा. मग सगळ्या व्हाउचरांवर तुटून न पडता निम्मी बाजूला काढायची, फरक कुठल्या निम्म्यात आहे ते शोधायचे, मग त्यातली निम्मी. तारेलाही हाच नियम लावला. आधी वायफाय सोडून लॅपटॉप थेट वायरने मोडेमला जोडला. तरी तुटते, म्हणजे वायफाय निर्दोष. मग घरातले सगळे फोन काढून, बाहेरून तार जिथे प्रथम घरात येते त्या खोक्यालाच मोडेम जोडला. आणि काय आश्चर्य! तुटणे कमी झाले. थांबले नाही, पण कमी झाले.

वही सांगत होती की १९ दिवसांत नेट ६३ वेळा तुटले, आणि त्यातले २२ वेळा त्याच मिनिटाला फोन वाजला होता. आता मला २०१४ मधले आमचे रंगकाम आठवले. तेव्हा सौ.ने म्हटले होते, "अहो, झोपायच्या खोलीत एक फोन असू द्या. रात्री-अपरात्री उठायला नको." मी गल्लीतल्या वायरमनकडून एक फाटा काढून घेतला. कुठून? स्प्लिटरच्या आधीच्या तारेवरून. म्हणजे खालच्या मजल्याचा एक दरवाजा मीच वरच्या मजल्यात उघडून ठेवला होता. त्या फोनची घंटा वाजली की थेट मोडेमच्या कानठळ्या बसत. तो फाटा स्प्लिटरच्या फोनच्या बाजूला जोडला आणि बावीसचा हिशेब मिटला.

ज्या कंपनीला मी पंधरा दिवस शिव्या मोजल्या, तिच्या खात्यावरचा एक-तृतीयांश दोष माझ्याच झोपायच्या खोलीत निघाला. हे लिहायला बरे वाटत नाही. पण वहीत खोटे लिहिता येत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंडकडची एक बातमी वाचनात आली. वेल्समधल्या आबेरहोसान नावाच्या खेड्यात दीड वर्ष रोज सकाळी सात वाजता साऱ्या गावाचे ब्रॉडबँड कोलमडत असे. कंपनीने पुष्कळ केबल बदलली, तरी तेच. शेवटी इंजिनीअर पहाटे सहाला गोंगाट पकडणारे यंत्र घेऊन पावसात गावभर फिरले. सात वाजले आणि यंत्राला सुगावा लागला. एका घरातला जुना, दुसऱ्या हाताने घेतलेला टीव्ही! मालक रोज सातला तो लावत आणि त्यातून निघणारा विजेचा गोंगाट गावाच्या तारांत शिरे. कळल्यावर ते गृहस्थ ओशाळले आणि टीव्ही पुन्हा न लावण्याचे त्यांनी कबूल केले. बातमीत त्यांचे नाव दिले नव्हते, हे मला फार आवडले. आणि आणखी एक गोष्ट आवडली. कुणीतरी सात वाजता तिथे जाऊन उभे राहिले. दीड वर्ष जे दूरवरून सुटले नाही, ते पायी फिरल्यावर सुटले.

आमच्याकडे राहिले होते एक्केचाळीस. यातले बहुतेक पावसातले. वहीत आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसत होती. मुलगी किंवा सौ. फोनवर बोलत असतील तेवढा वेळ नेट तुटत नसे. मला याचा अर्थ लागेना. सातवी तक्रार केली, पण या वेळी रडगाणे गायलो नाही. आकडे सांगितले. घरातली तपासणी झाली आहे, पावसात आकडा अकरावरून चारवर येतो, माणूस पाठवा.

माणूस आला. तोंडाला रुमाल बांधलेला, चाळिशीचा, कंत्राटी लाइनमन. त्याच्या खिशात त्या दिवशीच्या चौदा तक्रारींची चिठ्ठी होती. मी वही पुढे केली. त्याने उभ्या उभ्या ती वाचली, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचली. फोनची नोंद पाहून त्याने मान वर केली.

"काका, फोन उचलल्यावर नेट सुधारतंय?"

"हो."

"मग कुठला तरी जॉइंट गंजलाय. मोडेमचं काय नाय."

त्याने समजावून सांगितले ते असे. फोन ठेवलेला असतो तेव्हा तारेतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. उचलला की वाहतो, आणि तो प्रवाह सांध्यावरच्या गंजाच्या पापुद्र्यातून वाट काढतो. मग तेवढ्यापुरते सगळे ठीक. फोन ठेवला की पापुद्रा पुन्हा आडवा. हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवले नव्हते. वीस वर्षे खांबावर चढून शिकला होता. गल्लीच्या टोकाच्या खांबावरच्या डी.पी. बॉक्सपाशी त्याने शिडी लावली. दहा मिनिटांनी हाक मारली, "काका, हे बघा." सांध्याला कुणीतरी कधीकाळी दुधाची पिशवी गुंडाळली होती. आत पाणी साठून तांबे हिरवेगार झाले होते. त्याने तार मागे छाटली, नवा सांधा केला, जेली भरलेला कनेक्टर दाबून बसवला. मोडेमच्या पानावरचा आकडा तेरा झाला. भर पावसात तेरा!

चहा घेताना तो जे बोलला ते मी विसरलेलो नाही. "तुमच्या सहा तक्रारी माझ्याच नावावर आल्या होत्या काका. दिवसाला चौदा घरं असतात. फोन लावून विचारतो, 'नेट चालू आहे का?' त्या वेळी चालू असलं की क्लोज करतो. नाही केलं तर माझे पैसे कापतात."

मी गप्प बसलो, कारण मला १९९३ साल आठवले.

तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी होतो. एका प्राथमिक शिक्षकाच्या विधवा पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतन तीन महिने खात्यात जमा झाले नव्हते. तिने वर तक्रार केली. वरून विचारणा आली, आठ दिवसांत अहवाल पाठवा. मार्चअखेर होती. मी लेजर उघडले, रक्कम आलेली दिसली नाही, बाईंना "चौकशी चालू आहे" असे सांगितले आणि अहवालात लिहिले, 'ग्राहकाशी समक्ष संपर्क साधून तक्रार निकाली काढली.' वरच्या कचेरीत फाइल बंद झाली. माझी शाखा त्या तिमाहीत तक्रारनिवारणात पहिल्या पाचांत होती.

त्या बाई चौथ्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक शाळकरी वही होती. कुठल्या तारखेला आल्या, कोणत्या खिडकीवर कोणी काय सांगितले, पंचायत समितीतून कोणत्या तारखेला कागद निघाला, सगळे पेन्सिलीने लिहिलेले. त्या वहीवरून आमच्या कारकुनाने पाऊण तासात घोळ शोधला. खातेक्रमांकातले दोन आकडे उलटेपालटे झाले होते आणि पैसे सन्ड्री खात्यात पडून होते. मी माफी मागितली. बाई म्हणाल्या, "पैसे मिळाले, झालं." त्या तीन महिन्यांत त्यांनी घर कसे चालवले, ते मी विचारले नाही. विचारण्याचे धैर्य नव्हते.

म्हणून मी म्हणतो, तक्रार बंद करणे आणि बिघाड दूर करणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्या सगळ्या व्यवस्थेने पहिले काम मोजायला घेतले आहे, कारण ते मोजायला सोपे आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने नियम केलेले नाहीत असे नाही. २००६ मध्ये ब्रॉडबँड सेवेचे दंडक ठरले. २०१२च्या नियमांनी प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणे बंधनकारक केले आणि समाधान न झाल्यास अपिलाची सोय दिली. चांगलेच आहे. पण किती तासांत तक्रार बंद झाली हे आकड्यात दिसते. तोच बिघाड दुसऱ्या क्रमांकाने पुन्हा आला, हे त्या आकड्यात दिसत नाही. सहा लहान निवारणे मिळून एक मोठे अपयश होते, हे फक्त ग्राहकाला ठाऊक असते.

तेव्हा कंपन्यांकडून मागायचे ते एवढेच. ग्राहकाने 'होय, झाले' म्हटल्यावाचून तक्रार बंद होऊ नये. त्याच घरची तक्रार पंधरवड्यात पुन्हा आली तर ती नवी न धरता जुनीच चालू धरावी. आणि लाइनमनला चौदा घरांऐवजी सात घरे द्यावीत. जो माणूस गंजलेला सांधा नुसत्या लक्षणावरून ओळखतो, त्याला आपण फोनवर 'चालू आहे का' विचारणारा कारकून करून ठेवले आहे. हे त्याचेही नुकसान आणि आपलेही.

पण आपल्यालाही काही करायचे आहे. आपण मध्यमवर्गीय माणसे त्रागा उत्तम करतो. "या देशात काही होणार नाही" हे वाक्य आपल्याला चहाबरोबर बिस्किटासारखे लागते. त्राग्याला उत्तर म्हणून माफी मिळते, फार तर गोड आवाज मिळतो. नोंदीला मात्र उत्तर द्यावेच लागते. शिवाय नोंद दोन्हीकडे बघते. ती कंपनीचा गंजलेला सांधा दाखवते तशी आपण रंगकामात काढलेला फाटाही दाखवते. हे नळाच्या पाण्याला लागू आहे, विजेच्या बिलाला आहे, आणि घरात रोज एकाच वेळी होणाऱ्या भांडणालाही असावे, अशी मला शंका आहे.

२०२२ मध्ये आमच्या घरी काचेची तार आली. तिला गंज चढत नाही, फोनच्या घंटेचे तिला काही वाटत नाही, पाऊस तिला कळतही नाही. तांब्याची ती जोडी अजून खांबावरून लोंबते आहे, तिला कोणी विचारीत नाही. मागच्या पावसाळ्यात गल्लीत पाण्याच्या लाइनसाठी खड्डा खणला आणि काचेची तारही तुटली. नव्या खोक्यावर लाल दिवा लागला. मी तक्रार केली. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, खोका बंद करून पाच मिनिटांनी चालू करा." संध्याकाळी संदेश आला, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. लाल दिवा तसाच होता.

मी टेबलाच्या खणातून वही काढली आणि नवे पान आखले.